कोय आणि विस्मरण

एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना मी दरवर्षी ‘लीळाचरित्रा’चे उदाहरण घेते. म्हाइंभटांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केलेली पोथी धाडीत गेली, मग ज्याला जे आठवत होते त्यावरून ती पुन्हा लिहिली गेली आणि एकाच ग्रंथाचे अनेक पाठ झाले, असे परंपरा सांगते. हे सांगताना माझा स्वर नकळत हळवा होतो. हरवणे ही हानी आणि आठवणे हे पुण्य, असे गृहीत धरूनच मी इतकी वर्षे शिकवत आले. त्या गृहीताला तडा गेला तो एका अगदी परक्या विषयावरील वाचनाने.

पाणबुडीवरील क्षेपणास्त्रांसाठी अमेरिकेने ‘डब्ल्यू-७६’ नावाचे अण्वस्त्र बनवले होते. त्यात ‘फॉगबँक’ नावाचा एक पदार्थ लागतो. तो नेमका काय आहे, हे आजही गुपित आहे. या अस्त्रांचे आयुष्य वाढवायचे ठरले तेव्हा लक्षात आले की हा पदार्थ बनवायचा कसा, हेच विसरले गेले आहे. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासनीस संस्थेने मार्च २००९ च्या अहवालात याची कारणे दिली आहेत. १९८० च्या दशकातील उत्पादनाच्या नोंदी जेमतेम ठेवलेल्या होत्या आणि जाणकार माणसे जवळजवळ सगळी निवृत्त झाली होती किंवा सोडून गेली होती. ही अडचण दूर करण्यासाठी ६ कोटी ९० लाख डॉलर खर्ची पडले.

पुढची हकिकत कोणाही पाठचिकित्सकाला मोहात पाडील अशी आहे. नवा पदार्थ जुन्यासारखा उतरेना. शोध घेता कळले की जुन्या प्रक्रियेत एक अशुद्ध घटक राहून जात असे. नव्या, अधिक काटेकोर शुद्धीकरणात तो निघून जात होता आणि पदार्थाचा गुण तर त्याच्यावरच अवलंबून होता. हे जुन्या कारागिरांनाही ठाऊक नव्हते! लेखनिकाचा प्रमाद म्हणून आपण एखादा शब्द ‘शुद्ध’ करावा आणि तोच अर्थाचा आधार निघावा, तसेच हे. वाचताना मला निखळ आनंद झाला. थोड्या वेळाने मात्र त्या आनंदाची लाज वाटली. जे परत सापडले होते, ते हिरोशिमाच्या कित्येक पट संहार करणाऱ्या अस्त्राचे अंग होते.

फॉगबँक हा काही एकटाच प्रसंग नव्हे. अण्वस्त्राच्या गाभ्यातील प्लुटोनियमच्या गोळ्याला इंग्रजीत फळातल्या कोयीचे नाव आहे. या कोयी कोलोरॅडोतील रॉकी फ्लॅट्सच्या कारखान्यात बनत. पर्यावरणविषयक गुन्ह्यांच्या तपासासाठी १९८९ मध्ये तिथे एफबीआयचा छापा पडला आणि त्याच वर्षी उत्पादन थांबले. आता वर्षाला किमान ८० कोयी बनवण्याची क्षमता पुन्हा उभारावी, असे अमेरिकेचा कायदा सांगतो. त्यांपैकी ३० लॉस अलामोसला आणि ५० सव्हाना रिव्हर येथे, असा आराखडा आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात अण्वस्त्रांची निर्मिती आणि निगा यांसाठी १,९०० कोटी डॉलरहून अधिक तरतूद झाली. यात क्षेपणास्त्रे आणि पाणबुड्या धरलेल्या नाहीत. आणि बहुतेक जुन्या कोयी शंभर वर्षांहून अधिक टिकतील, असे शास्त्रज्ञांच्या एका सल्लागार गटाने २००६ मध्येच सांगितलेले आहे. म्हणजे हा पैसा केवळ वस्तूंसाठी नाही. हातांनी कसब विसरू नये, यासाठीही तो आहे.

या धोरणाची दुसरी बाजू मी नाकारीत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेने भूमिगत चाचण्या थांबवल्या, त्यानंतर प्रयोगशाळांचे ज्ञान जिवंत ठेवणे हा जणू त्या संयमाचा मोबदला ठरला. ज्ञानावरचा विश्वास उडाला तर ‘एकदा स्फोट करून पाहू’ असे म्हणणारे पुढे येतील, हे भय खोटे नाही. शिवाय प्लुटोनियमसारख्या जिनसेशी अर्धवट जाणकारांनी खेळणे, हेही भयंकरच.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. करार न करता, कोणी कोणाला न हरवता, एक अस्त्र केवळ विस्मरणाने संपू लागले होते. अशी संधी इतिहासात किती वेळा आली असेल? आपण ती ओळखलीही नाही. तिला उत्पादनातील अडचण म्हटले आणि पैसे भरून दूर केले.

यंदा ‘लीळाचरित्र’ शिकवून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, ती पोथी कोणालाच आठवली नसती तर?” एरवी मी चटकन म्हटले असते की मराठी दरिद्री झाली असती. तसे म्हटलेही. पण त्याआधी क्षणभर थांबले. आठवणाऱ्यांनी ती कशासाठी आठवली, हेही मी यापुढे वर्गात सांगायला हवे. त्या शिष्यांचा गुरू गेला होता. त्यांना त्याचा शब्द हवा होता.