पाण्याला औषध

पहिला ठिपका शेपटीवर दिसला तेव्हा मला तो रव्याचा दाणा वाटला. २०१६ चा जानेवारी होता. आठवड्यापूर्वी बाजारातून आणलेला नवा गोल्डफिश मी जुन्या दोघांत सोडला होता आणि बीडची थंडी ऐन भरात होती. सकाळी टाकीची काच हाताला गार लागायची. दुसऱ्या दिवशी दाणे सात झाले, तिसऱ्या दिवशी मी मोजायचं सोडलं. शेंदरी मासा, माझ्या भाचीचा लाडका, तळाच्या खड्यांवर अंग घासायचा, एकदम उसळायचा आणि मग पंख मिटून कोपऱ्यात पडून राहायचा.

“आत्या, त्याला खाज सुटली का गं?”

खाजच होती ती. या रोगाच्या जिवाला १८७६ साली फूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं नाव दिलं, इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. पुष्कळ लेकरांची, माशाची ऊ, असा त्याचा अर्थ.

दाखवायचं कुणाला? जनावरांचे डॉक्टर तेव्हा चारा छावण्यांच्या फेऱ्या करत होते. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते, लोकांनी दावणीची गुरं छावणीत नेऊन बांधली होती. तिथं बोटाएवढा मासा घेऊन जायला माझे पाय उचलेनात. मिठाचा उपचार घरीच करायचं ठरवलं.

ठिपक्याखाली, माशाच्या कातडीच्या आत, तो जीव बसलेला असतो. तिथं मीठ पोचत नाही. पोट भरलं की तो सुटतो, तळाशी चिकटतो, भोवती कवच करतो आणि त्यात एकाचे शेकडो होतात. ती पिल्लं पाण्यात मासा शोधत फिरतात आणि एक-दोन दिवसांत मिळाला नाही तर मरतात. मिठाचा मारा लागू पडतो तो याच पिल्लांवर. म्हणून औषध पाण्याला द्यायचं आणि तोवर माशानं तग धरायचा. थंड पाण्यात हा फेरा रेंगाळतो, कोमट पाण्यात लवकर पुरा होतो. मी हीटर लावून पाण्याचं तापमान रोज थोडंथोडं वाढवत २८ अंशांवर नेलं. टाकीत पन्नास लिटर पाणी. लिटरला दोन ग्रॅम या हिशेबानं शंभर ग्रॅम खडे मीठ विरघळवून दोन दिवसांत चार वेळा विभागून घातलं. नवा मासा चौथ्या दिवशी गेला.

एक दिवसाआड तळ उपसून साडेबारा लिटर, म्हणजे आमची एक बादली, पाणी बदलायचं होतं. पाणी टँकरचं. त्याला टीसीएल पावडरचा वास, आणि क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. त्यामुळे बादली चोवीस तास उघडी ठेवावी लागे. ज्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला जायचं, तिथं अंगणात भरलेली बादली दिवसभर नुसती उभी. जाणारे-येणारे तिच्याकडे बघत. दूधवाले काका एकदा थांबलेच. “पाणी सांडून ठेवलंय का बाई?” मला उत्तर सुचलं नाही. मला त्या बादलीची लाज वाटायची आणि तिच्यावाचून मासा जगणार नाही हेही कळत होतं. दोन्ही खरं होतं.

आई काही बोलली नाही. तिनं एक पातळ फडकं बादलीवर टाकलं. “धूळ पडायलीय,” एवढंच म्हणाली.

एका रात्री वीज गेली. पंप बंद. कोमट पाण्यात हवा मुळात कमी राहते. मी आणि भाची आळीपाळीनं वाटीनं पाणी उचलून वितभर उंचीवरून धार सोडत बसलो. मेणबत्तीच्या उजेडात शेंदरी वर येऊन तोंड उघडायचा आणि धार पडली की तिच्या बुडबुड्यांपाशी येऊन थांबायचा. लहानपणी वडिलांबरोबर कंकालेश्वराला गेलो की देवळाभोवतीच्या पाण्यात मी माशांना कणकेच्या गोळ्या टाकायची. ते पाणी कधी संपेल असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

ठिपके नवव्या दिवशी गेले. आणखी दहा दिवस मी मीठ सोडलं नाही. दर नव्या बादलीत पंचवीस ग्रॅम टाकत राहिले.

दर वेळी निघणाऱ्या खाऱ्या पाण्याचा प्रश्न वेगळाच होता. आधी टाकीचं जुनं पाणी कढीपत्त्याला जायचं, त्याच्यावर तो तरारायचा. आता ते संडासात ओतावं लागे आणि आई तेवढ्यापुरती तोंड फिरवायची. कढीपत्त्याची पानं वाळत चालली होती. मी बिनमिठाच्या बादल्या सुरू केल्या तसं तिनं दर वेळी विचारायला सुरुवात केली, “अजून खारं आहे का गं?” मी कॅलेंडरच्या पाठीवर टाकीत उरलेल्या मिठाचा हिशेब मांडला होता. शंभराचे पंचाहत्तर, मग छप्पन्न, बेचाळीस, बत्तीस.

एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बातमी ऐकताना मी मनात भागाकार केला. चाळीस हजार बादल्या.

पण ते पुढचं. फेब्रुवारीत पाचव्या बादलीनंतर आकडा चोवीसवर आला, तेव्हा मी आईला हाक मारली. तिनं निघालेल्या पाण्याची बादली स्वतः उचलली, अंगणात नेली आणि तांब्या-तांब्यानं कढीपत्त्याच्या आळ्यात सोडली. माती सूं करत पीत होती. भाची काचेला नाक लावून शेंदरीला सांगत होती, “तुझं पाणी झाडाला दिलं बरं का.”