समुद्राकाठचे बिऱ्हाड

समुद्राकाठी एखादे कौलारू घर असावे, समोर माडांची रांग असावी आणि लाटांचा आवाज ऐकत झोप लागावी, असे स्वप्न शहरातल्या बहुतेक कुटुंबांनी कधी ना कधी पाहिलेले असते. दिवाळीच्या सुटीत चार दिवस गोव्याला जाऊन आलेली मंडळी तर या स्वप्नाचे फोटोही घेऊन येतात. परंतु चार दिवसांचा पाहुणा निराळा आणि बिऱ्हाड थाटून राहणारा निराळा. पाहुण्याला समुद्र दिसतो. बिऱ्हाडकरूच्या घरात तो मिठाच्या बरणीपासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत सगळीकडे शिरतो.

मी मूळचा लातूरचा. एम.ए.साठी नांदेडला गेलो, तेव्हा सासुरवाडीही तिथेच मिळाली. २०१९ साली पत्नीची बँकेतली बदली गोव्याच्या पेडणे तालुक्यात झाली आणि मला तेरेखोल नदीपलीकडे, सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवण्याची नोकरी लागली. आम्ही हरमलला बिऱ्हाड केले. रोज सकाळी किरणपाणीचा पूल ओलांडून मी महाराष्ट्रात कामाला जातो आणि संध्याकाळी गोव्यात घरी येतो. लातूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, आंबोलीचा घाट आणि सावंतवाडी अशी ही वाट आहे. मराठी मुलुखातूनच जायचे, तेव्हा याला परदेश कोण म्हणेल? पण घाट उतरलात की पीठ, पाणी, हवा आणि बोली ही चारही एकदम बदलतात, आणि संसार तर या चारांवरच उभा असतो.

आधी हवेचेच सांगतो. उन्हाळा आम्हाला नवा नव्हे. लातूर-नांदेडला मे महिन्यात पारा बेचाळिसाला टेकतो. आमच्याकडे त्यावर उपाय ठरलेले: दाराला ओला पडदा, पाण्यावरचा कूलर आणि कोपऱ्यात माठ. हरमलला पारा तेहतीस-चौतिसाच्या वर सहसा जात नाही, म्हणून आम्ही मोठ्या आनंदाने कूलर ट्रकमध्ये घालून आणला. पण कूलर काय नि माठ काय, दोघेही चालतात ते पाण्याच्या वाफेवर. कोरडी हवा पाणी पिऊन घेते आणि त्या बदल्यात गारवा देते. इथली हवा आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली. ती आणखी पाणी घेणार कुठून? तेव्हा कूलर नुसतीच ओली वाफ अंगावर सोडतो आणि माठातले पाणी कोमटच राहते. आमचा कूलर आता कांदे ठेवायच्या कामी येतो. पावसाळ्यात टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाहीत, मीठ पाझरते, चपलांना हिरवी लव येते आणि पुस्तकांना बुरशी धरते. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने मी पुस्तकांच्या कपाटात विजेचा एक दिवा सतत जळत ठेवतो. ज्ञानाचा नंदादीप म्हणतात तो हाच असावा!

पाण्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. लातुरात सरासरी सात-आठशे, आणि तोही येईल तेव्हा खरा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला दहा वाघिणींतून पाच लाख लिटरची पहिली खेप आली, तेव्हा देशभर त्या गाडीची छायाचित्रे झळकली. आमच्या गल्लीत तोवर भांड्यांच्या रांगा, टँकरची वाट आणि आंघोळीचे पाणी झाडांना घालायची रीत हे रोजचेच झाले होते. हरमलला किनाऱ्याच्या टोकाशी, खडकांच्या वळणापलीकडे गोड्या पाण्याचे एक तळे आहे. एका बाजूला अथांग खारा समुद्र आणि चार पावलांवर हे गोडे पाणी! पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मुलगी आनंदाने ओरडली, पण पत्नी मात्र कितीतरी वेळ गप्प उभी राहिली. नंतर एवढेच म्हणाली, “इथं हे नुसतं पडून आहे हो.” आजही आमच्या घरात नळ गळू लागला की रात्री अकरा वाजतासुद्धा त्याची दुरुस्ती होते. घरमालकीण काकींना याचे मोठे नवल वाटते.

काकींचे खरे नवल मात्र आमच्या जेवणाचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारले, “मास्तर, नुस्तें खायनात? मागीर जेवतात तरी कितें?” नुस्ते म्हणजे मासळी. शीत आणि कडी, म्हणजे भात नि मासळीची आमटी, हे इथले जेवण. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा गावाचा चेहरा आमच्याकडच्या अवर्षणातल्या शेतकऱ्यासारखा होतो. मग सुकी मासळी निघते. आम्ही पडलो ज्वारी, तूर आणि करडईच्या तेलावर वाढलेली माणसे. शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी, येसराची आमटी आणि धपाटे हे आमचे वैभव. ज्वारीचे पीठ इथल्या दमट हवेत आठ-दहा दिवसांत कडवट होते, म्हणून लातूरहून धान्यच येते आणि लागेल तेवढेच दळले जाते. सकाळी सायकलवरून भोंगा वाजवीत पोदेर येतो. त्याच्या टोपलीतली कोंड्याची पोयी जरा भाकरीच्या वळणाची असते. आमच्या मुलीने पोयीत शेंगदाण्याची चटणी भरून खायला सुरुवात केली, तेव्हा गोवा आणि मराठवाडा यांचा तह झाला असे मी समजलो.

बोलीचा तह त्याहून जुना निघाला. लातूरकडे ‘काय करलालाव?’ म्हणतात, नांदेडकडे ‘काय करायलाव?’, आणि दोन्ही ऐकून काकी पदर तोंडाला लावतात. त्यांचे जनेल म्हणजे खिडकी आणि कदेल म्हणजे खुर्ची हे पोर्तुगीज शब्द ऐकून मीही हसत असे. पण मराठीच्या मास्तराला फार वेळ हसता येत नाही. चावी, पगार, घमेले, काडतूस, फीत, बटाटा, पाव, अननस हे सारे शब्द पोर्तुगीजच. म्हणजे आम्ही गोव्याला येण्याच्या कितीतरी आधी गोवा आमच्या लातूरच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता! आणखी एक साम्य आहे. १५ ऑगस्ट १९४७ च्या स्वातंत्र्याला आम्ही दोघेही मुकलो होतो. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला तो १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी; गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटला तो १९ डिसेंबर १९६१ ला, चौदा वर्षांनी. आमच्या आजोबांच्या कागदपत्रांत उर्दू, काकींच्या सासऱ्यांच्या कागदपत्रांत पोर्तुगीज. काकी घरी कोकणी बोलतात, पण भजन मराठीत म्हणतात, वर्तमानपत्र मराठी वाचतात आणि जत्रेतला दशावतार रात्रभर बसून पाहतात.

परक्या माणसाने या किनाऱ्यावर कसे राहावे याचा एक मोठा दाखला आमच्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला तो पुन्हा मायदेशी गेलाच नाही. तो आला तेव्हा आमच्या पैठणला एकनाथ महाराज हयात होते. ज्या ओवीत एकनाथांनी भागवत सांगितले, त्याच ओवीत या परदेशी पाद्र्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. कोकणीचे व्याकरणही त्याने लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापून निघाले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, आणि त्या काळी गोव्यात धर्माच्या नावाखाली जो जुलूम झाला तो विसरण्याजोगा नाही. तरीही चाळीस वर्षे या घामट हवेत राहून एका माणसाने दुसऱ्याची भाषा इतकी आपली केली, याचे मोल कमी होत नाही.

आजचे परदेशी तेवढे चिकाटीचे नसतात. पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून ते येऊ लागतात. किनाऱ्यावर बांबू-झावळ्यांची खानावळघरे उभी राहतात, भाड्याच्या स्कुटरी धावू लागतात, आणि संध्याकाळी सूर्य बुडताना वाळूत ढोल वाजतात. शेजारच्या मोरजीला तर रशियन अक्षरांतल्या पाट्या आहेत. हिप्पी मंडळी साठीच्या दशकाच्या अखेरीस हणजुण-कळंगुटला आली, तेव्हापासूनची ही रीत. यांतले काही जण दरवर्षी त्याच घरात येतात, बाजारात टोमॅटोचा भाव करतात आणि काकींना नातवंडांचे फोटो दाखवतात. मे महिन्यात व्हिसा आणि हवा दोन्ही तापली की निघून जातात.

त्याच वाळूवर आणखीही परके आहेत. आरशांच्या भरतकामाचे कपडे, मण्यांच्या माळा विकणाऱ्या लमाणी बाया बहुतेक उत्तर कर्नाटकातून आलेल्या. त्यांची बोली ऐकून पत्नीला किनवटकडचे तांडे आठवतात. बांधकामावरचे मजूर घाटावरचे. आता गंमत पाहा. गोऱ्या माणसाला ‘परत केन्ना वतले?’ असे विचारतात, तेव्हा त्यात ‘आणखी राहा’ असा आर्जव असतो. मला विचारतात, तेव्हा ती साधी चौकशी असते. लमाणी बाईला विचारतात, तेव्हा मात्र आवाज निराळा असतो. ‘घाटी’ हा शब्दही इथे ऐकू येतो. कधी नुसता घाटावरचा या अर्थाने, कधी टोचायला. गोवेकरांची भीती खोटी नाही. जमिनी विकल्या जात आहेत, बाहेरची माणसे वाढत आहेत, आणि छोट्या मुलुखाला स्वतःच हरवून जाण्याची धास्ती असतेच. पण तिघांनाही एकच तराजू लावावा, एवढे तरी म्हणावेसे वाटते. आमच्या नांदेडात १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींचे देहावसान झाले आणि त्यांच्या स्थानाभोवती दूरदेशीची माणसे राहिली. आज तिथले शीख बाजारात अस्सल नांदेडी मराठी बोलतात. त्यांना ‘परत कधी जाणार’ असे विचारण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. परका माणूस गावचा होतो, पण त्याला पिढ्या द्याव्या लागतात.

आम्हाला एक वर्ष तरी पुरेसे झाले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. परदेशी मंडळी अडकली, लमाणी बायांची विक्री थांबली, आणि किरणपाणीचा पूल बंद झाला. एप्रिलच्या अखेरीस लातुरात माझे वडील गेले. परवाना मिळेपर्यंत तिसरा दिवस उलटून गेला होता. धाकट्या भावाने अग्नी दिला. त्या संध्याकाळी काकींच्या अंगणात चूल थंड होती. सुतक आमचे, पण मासळी त्यांनी दहा दिवस शिजवली नाही. शेजारच्या खोलीत अडकलेला एक वृद्ध जर्मन गृहस्थ आला, ओट्यावर तासभर बसला आणि काही न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी कळले, की त्याची थोरली बहीण त्याच महिन्यात तिकडे वारली होती.

पुढे आईला आम्ही इकडे आणले. ती आली ती कुरकुरतच. “खारं वारं, खारं पाणी, इथं मेल्यावर राख तरी कुठं टाकाल?” असे म्हणत ती पहिले वर्ष ट्रंक न उघडता राहिली. इथली दिवाळी तिला पहिल्यांदा पसंत पडली. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरे गल्लोगल्ली कागदी नरकासुर उभे करतात आणि पहाटे जाळतात. मग पायाखाली कारीट फोडायचे आणि फोव खायचे. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळाचे असे पोह्यांचे चार-पाच प्रकार. आईने त्यांच्या शेजारी आपली शंकरपाळी मांडली.

पण तिचे मन लागले ते येळवशीला. दर्शवेळ अमावस्येला आमच्याकडे सारा गाव रानात जातो. कडब्याची कोप करून पाच पांडवांची पूजा होते. भज्जी, आंबील, उंडे आणि खीर असा नैवेद्य असतो. इथे आमचे रान कुठले? काकींनी आपल्या मिरचीच्या मळ्यातला कोपरा दिला. हरमलची मिरची नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कडबा नव्हता म्हणून माडाच्या झावळ्यांची कोप केली. आईने पाच खडे धुऊन चुन्याने रंगवले. काकी आल्या, त्यांची सून आली, तो जर्मन म्हाताराही आला आणि आंबिलीचे दोन पेले प्यायला. परत येताना आई काकींना म्हणाली, “पुढल्या वर्षी भज्जीला तुमच्या मिरच्या थोड्या कमी घालू.”

पुढल्या वर्षीचे बोलणे निघाले, तेव्हा पत्नीने माझ्याकडे पाहिले. घरी गेल्यावर आईने ट्रंक उघडून लुगडी कपाटात लावली, आणि त्या कपाटातही मी दिवा बसवून दिला.