चढणारे कासव

स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कासवाचा दृष्टांत दिला. ज्ञानोबारायांनी तो मराठीत असा उलगडून ठेवला की सातशे वर्षांनंतरही कीर्तनकाराला तिथे फारसे कष्ट पडत नाहीत. मीही चाळीसेक वर्षे तो सांगत आलो. हातपाय आत ओढून बसलेले कासव श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे लगेच उभे राहते, कारण देवळाच्या सभामंडपात दगडाचे कासव सगळ्यांनीच पाहिलेले असते. ते जागचे हलत नाही. जिवंत कासव मात्र, माउली, चढते.

हे मी इंग्लंडात पाहिले. माझी मुलगी लेस्टर शहरात राहते. प्रकृतीमुळे कीर्तन थांबले, तेव्हा तिने मला उन्हाळ्यात तिकडे नेले. नातीने एक कासव पाळले आहे. ते हर्मन जातीचे, म्हणजे मूळचे इटली-ग्रीसकडच्या खडकाळ, झुडपी उतारांवरचे. लांबीला वीतभरही नाही. नाव गोटू. ऊन अंगात मुरले की स्वारी निघाली. कुंपणाच्या कडेने एक फेरी, दुसरी फेरी, मग नेमका कोपरा गाठायचा. कोपऱ्यात दोन्हीकडून नखांना आधार मिळतो. पुढचे पाय वर रोवून हा गृहस्थ चक्क उभा राहतो.

हा काही त्याचा हट्ट नव्हे. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कारणे सांगितली. जागा अपुरी असते, पलीकडे ऊन अधिक असते, वसंतात नराला मादी शोधायची असते. कुंपणापलीकडचे दिसत असेल तर ओढ आणखी वाढते. काच आपल्याला दिसते, त्याला कळत नाही. समोर मोकळे आहे असे समजून ते दिवसभर तिथेच नखे घासत बसते. तारेची जाळी असली तर तिची शिडीच होते.

चढण्याला भय नाही, भय पडण्याला आहे. कासव पाठीवर पडले आणि खाली जमीन सपाट, गुळगुळीत असली, तर त्याला सहजी उलटता येत नाही. त्याची फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागून असतात. उताणे पडले की पोटातला सगळा भार त्यांच्यावर येतो आणि श्वास कोंडतो. त्यात वरून ऊन असेल, किंवा घरात ठेवलेल्या कासवावर उष्णतेचा दिवा असेल, तर सरकून सावलीला जाणेही त्याच्या हाती उरत नाही. थोड्या वेळात जीव जातो. कवच म्हणजे अंगावर चढवलेले चिलखत, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बरगड्या आणि पाठीचा कणा त्यातच सांधलेला असतो. ते जिवंत हाड आहे, त्याला रक्त आहे, स्पर्श कळतो. उंचावरून पडून तडा गेला तर ते हाड मोडणेच. मंदार पर्वत पेलणारा कूर्म तो वेगळा.

गोटूबरोबर आधीच्या मालकाने दिलेले कुंपण जाळीचे होते. एके दिवशी नात शाळेतून आली ती थेट बागेत गेली आणि ओरडली. गोटू कोपऱ्यात उताणा, पाय हवेत, मान ताणलेली. ऊन कलून सफरचंदाच्या झाडाची सावली त्याच्यावर आली होती म्हणून वाचला. पोरीने दोन्ही हातांनी धरून त्याला हळूच सरळ केले, सावलीत उथळ कोमट पाण्यात ठेवले. तोंड उघडून धापा टाकू लागला तर लगेच दवाखाना गाठायचा, हे तिला पाठ होते. अर्ध्या तासाने त्याने मान बाहेर काढली.

त्या रात्री मी तिला कासवीच्या दृष्टीची गोष्ट सांगत होतो. संतवाङ्मयात ही उपमा ठायी ठायी येते. कासवी दुरून नुसते पाहते आणि पिलांचे पोषण होते. पोरगी म्हणाली, ‘‘आजोबा, कासवी तर मातीत अंडी घालून निघून जाते. पिलांना ती पाहतही नाही.’’ मी म्हटले, ‘‘बाळ, ती उपमा कृपेची आहे, प्राणिशास्त्राची नाही.’’ तिला ते पटले. पण लगेच म्हणाली, ‘‘मग गोटूकडे बघायचं ते आपणच ना?’’

रविवारी जावयांनी नवे कुंपण केले. सव्वा फूट उंचीच्या, आरपार न दिसणाऱ्या सपाट फळ्या, चार-पाच इंच जमिनीत पुरलेल्या. कारण कासव वरून जमले नाही तर खालून उकरते. चारही कोपऱ्यांवर आतल्या बाजूला आडवी फळी, म्हणजे वर पोचलेच तरी डोके तिला टेकते. कडेच्या विटा, कुंड्या, पाण्याचे भांडे सगळे मध्ये घेतले. भांडे इतके उथळ की उताणे पडले तरी बुडू नये. रात्री कोल्हे फिरतात, म्हणून वर जाळीचे झाकण. मुख्य म्हणजे जागा तिप्पट केली. माझ्या मते फळ्यांपेक्षा त्यानेच जास्त फरक पडला. दोन दिवसांत त्याचे कोपऱ्यातले खरडणे पुष्कळ कमी झाले.

मुक्या जिवाला कोंडावेच कशाला, असे कोणी माळकरी विचारील. मीही मुलीला तेच विचारले. गोटू जन्मापासून माणसाच्या हाताखालचा आहे, त्याच्यासाठी सरकारी प्रमाणपत्रही लागते. त्या थंडीत मोकळा सोडला तर मरेल. तेव्हा सोडण्यात दया नाही. आपल्याकडची गोष्ट निराळी. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले आपले कासव शुभ म्हणून घरात ठेवतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि २०१९पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे. कोणाकडे असेल तर वनखात्याच्या स्वाधीन करावे. दुकानातली लाल कानाची परदेशी पाणकासवे पुण्य म्हणून इंद्रायणीत, चंद्रभागेत सोडू नयेत. तिथल्या मूळच्या कासवांच्या तोंडचा घास ती काढतात.

निघण्याआधी नातीने आणि मी कुंपणाच्या मधोमध चपटे, खडबडीत दगड रचले. उंची चार बोटे, उतार सगळीकडून, भोवती भुसभुशीत माती. डोंगरउतारावरच्या जिवाचे चढणे साफ बंद करू नये, असे डॉक्टरीणबाईंचे म्हणणे होते. पहिल्याच सकाळी गोटू वर गेला, पलीकडे उताणा पडला, पाय दगडाला लावून स्वतःच सरळ झाला आणि पुन्हा चढू लागला.