देहाच्या मापाची सायकल

शाळेच्या स्मरणिकेत सायकलीविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. स्मरणिकेत गुरुजनांच्या आठवणी असाव्यात, संस्थेच्या वाटचालीचा आलेख असावा, विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद असावी. ते सारे या अंकात असेलच. तथापि आमच्या काळातील वसतिगृहाच्या मुलांपैकी बहुतेकांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. कोणाचा गुडघा, कोणाची मान, कोणाची कंबर जुनी दुखापत सांभाळीत आहे. अशा मित्रांना व त्यांच्या घरच्यांना उपयोगी पडेल असे काही लिहावे, या हेतूने आम्ही हा विषय घेतला आहे.

दहावीच्या वर्षी कबड्डीच्या मैदानावर पकडीत आम्ही खाली सापडलो आणि कमरेवर चौघांचा भार आला. तापविलेल्या विटेच्या शेकाने आठ दिवसांत उभे राहिलो. पण ती कळ पुढे वर्षानुवर्षे येत-जात राहिली. चाळिशीत तपासणी झाली तेव्हा कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती सरकल्याचे दिसले. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. मात्र एका डॉक्टरांनी, ‘सायकल आता विसरा,’ असे बजावले. त्यानंतर आमच्याकडून व्यायाम करवून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी वेगळाच प्रश्न विचारला, “सर, सायकल कोणती? आणि तिच्यावर तुम्ही बसता कसे?”

बसता कसे, हा प्रश्न तोवर आम्हांला कोणीच विचारला नव्हता. वसतिगृहात सायकल एकच होती. काळी, जड, अठ्ठावीस इंची चाकांची. सीट गंजून जागच्या जागी पक्की झालेली. उंच मुले गुडघे हँडलला लावून ती चालवीत. ठेंगणी मुले दांड्याखालून पाय घालून ‘कैची’ चालवीत. मोठ्या मापाचे बूट मिळाले तर पुढे कापूस कोंबावा, स्वेटर लांब असेल तर बाह्या दुमडाव्यात, सायकल उंच असेल तर आपण वाकडे व्हावे, हा आमचा नित्यक्रम होता. मिळाले त्याला देह जुळवून घेणे, हा आमच्या शिक्षणाचाच एक भाग होता. त्या सवयीने आम्हांला तारले, हे खरे आहे. परंतु पंधराव्या वर्षीचा मणका जे निमूट सोसतो, ते पन्नाशीतला मणका सोसत नाही.

सायकलीचा इतिहास पाहिला तर त्यात देहाची काळजी आरंभापासून दिसते. उंच पुढल्या चाकावरून माणसे डोक्यावर पडत. म्हणून दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली आणि साखळीने चालणारी ‘सेफ्टी’ सायकल पुढे आली. जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर ही तशी सायकल १८८५ सालची. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. खडबडीत रस्त्यावर मुलाला बसणारे हादरे कमी व्हावेत, एवढाच त्याचा हेतू होता. आज जगभर धावणाऱ्या हवेच्या टायरांमागे एका बापाने मुलाच्या त्रासाकडे दिलेले लक्ष आहे.

नागपुरात आम्ही रोड बाईक पाहू लागलो तेव्हा दुकानांत प्रथम शर्यतीच्या सायकली पुढे केल्या जात. वजनाला हलक्या, दिसायला देखण्या. परंतु त्यांवर सीट हँडलपेक्षा उंच असते आणि स्वाराला बराच काळ पुढे झुकून राहावे लागते. अशी एक सायकल मित्राकडून दोन रविवारांसाठी मागून घेतली. पहिली दहा मिनिटे मोठी आनंदाची गेली. अर्ध्या तासानंतर कंबर जड झाली आणि पाऊण तासाने डाव्या पोटरीपर्यंत मुंग्या आल्या. गल्लीतल्या दोन फेऱ्यांवरून सायकलीची परीक्षा होत नाही, ती निदान चाळीस मिनिटांनी होते, हे त्यातून उमगले. जुन्या दुखापतीच्या माणसाने ही चाळीस मिनिटे मागून घ्यावीत. संकोच करू नये.

पुढे आम्ही मापांचा अभ्यास केला. सायकलीच्या तपशीलपत्रकात ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ अशी दोन मापे असतात. पायडल ज्या धुरीभोवती फिरते तिच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधील आडवे अंतर म्हणजे रीच. स्टॅक जितका अधिक व रीच जितका कमी, तितके स्वाराला ताठ बसता येते. आम्ही मागून आणलेल्या सायकलीचा स्टॅक ५४५ आणि रीच ३८५ मिलिमीटर होता. भागाकार सुमारे १.४२. लांब पल्ल्याच्या, ज्यांना ‘एंड्युरन्स’ म्हणतात अशा एका सायकलीचा स्टॅक ५७५ आणि रीच ३७५, भागाकार १.५३. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो; कमरेला तो पहिल्याच तासात कळतो. शिवाय हँडल धरणारा दांडा, म्हणजे स्टेम, शंभराऐवजी ऐंशी मिलिमीटरचा बसवून घेतला की हँडल आणखी जवळ येते, आणि त्याचा खर्चही फार नसतो.

सीटच्या उंचीचा एक जुना हिशेब ग्रेग लेमाँड या अमेरिकी सायकलपटूच्या नावाने ओळखला जातो. जमिनीपासून जांघेपर्यंतचे माप घ्यावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. येईल तितके अंतर पायडलच्या धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवावे. माप ८० सेंटिमीटर असेल तर उत्तर सुमारे ७०.६ येते. हा आरंभ समजावा. अखेरचा निर्णय देहाने द्यावयाचा असतो. सीट प्रमाणाबाहेर उंच असली की प्रत्येक पायडलला कटिभाग डावी-उजवीकडे डोलतो आणि कंबर दुखते. फार खाली असली की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला असावा.

या लेमाँडची हकीकत आम्हांला फार जवळची वाटते. १९८७ मध्ये शिकारीच्या वेळी नातलगाच्या बंदुकीतून चुकून सुटलेले छर्रे त्याच्या अंगात शिरले. काही छर्रे काढता आले नाहीत. ते देहात घेऊनच तो १९८९ ची तूर द फ्रान्स ही शर्यत अवघ्या आठ सेकंदांनी जिंकला. त्या शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात त्याने हँडलवर कोपरे टेकण्याच्या दांड्या लावल्या होत्या. त्याच्या धैर्याचे कौतुक सर्वत्र होते आणि ते योग्यच आहे. पण हा माणूस मापे मोजणारा होता, देहाची बैठक विचारपूर्वक ठरविणारा होता, हेही आपण पाहावे.

यानंतर टायर. पूर्वी रोड बाईकला तेवीस मिलिमीटर रुंदीचे टायर असत व त्यांत शंभर पौंडांच्या पुढे हवा भरीत. आता अठ्ठावीस ते बत्तीस मिलिमीटरचे टायर सर्रास मिळतात. आम्ही बत्तीसचे टायर घेतले आणि आमच्या सत्तर किलो वजनाला साठ पौंडांच्या आसपास हवा ठेवितो. फ्रेम पोलादाची की कार्बनची या वादापेक्षा टायरमधल्या हवेचा परिणाम कमरेला अधिक जाणवला. हवा फार भरली तर प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोहोचतो. फार कमी ठेवली तर ट्यूब रिमखाली चेमटून पंक्चर होते. सोण स्थविरांच्या वीणेची गोष्ट वसतिगृहात आपण सर्वांनी ऐकली आहे. ती येथे आठवल्यावाचून राहत नाही.

गिअरचेही तसेच. पुढची लहान चकती ३४ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठीही ३४ दात्यांची असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकही एकच फेरा घेते आणि चढ सुसह्य होतो. आमच्याकडे घाट नसले तरी समोरून येणारा उन्हाळी वारा घाटाहून कमी नसतो. अवजड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे ठेविले तर कंबर व गुडघा दोन्ही सुखी राहतात. ज्यांचे मनगट दुखावलेले आहे त्यांनी हलक्या बोटाने लागणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक पाहावेत. ज्यांची मान दुखते त्यांनी वाकड्या हँडलचा आग्रहच धरू नये. सरळ हँडलची हायब्रिड सायकल घ्यावी. तिने कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही.

सायकल निश्चित झाली; पण तिची किंमत आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या एकूण पगाराहून अधिक होती. केवळ सुखासाठी एवढा पैसा खर्चावा काय, या विचारात महिना गेला. आमच्या आईने सारी उमर दुसऱ्यांच्या शेतांत निंदण-कापणी केली. तिच्या कानावर हे गेले तेव्हा ती म्हणाली, “आमचा जनम वाकूनच गेला. तुले ताठ बसता येते, तं बस ना बाबा.” दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो.

गेल्या हिवाळ्यात त्या सायकलीवरून कामठी, कन्हान, मनसर असे करीत आम्ही रामटेकला गेलो. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. दर तासाला उतरून पाठ सैल केली. परतीला टेम्पो केला, कारण कमरेची तेवढीच तयारी होती. दुखापत गेलेली नाही. ती जाणारही नाही. कोणत्या बैठकीत ती शांत राहते, एवढे आता ठाऊक झाले आहे. आमच्याप्रमाणे कोणी प्रयत्न करणार असेल तर त्याने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि ‘सायकल चालवू का’ एवढेच न विचारता बैठकीचे माप सोबत न्यावे.

पालकांना व शाळेला एक विनंती करून थांबतो. मूल जेव्हा बाक टोचतो, बूट लागतो, दप्तराने खांदा दुखतो असे सांगते, तेव्हा त्याला नाजूक म्हणू नये. एकदा वाकून पाहावे. आणि माजी विद्यार्थ्यांपैकी जे वसतिगृहाला सायकली भेट देतील, त्यांनी त्या एकाच उंचीच्या देऊ नयेत. दोन मापांच्या द्याव्यात आणि प्रत्येकीसोबत सीट वर-खाली करण्याचा पाना द्यावा. तो पाना कार्यालयाच्या कपाटात न ठेवता मुलांच्या हाती राहावा.