काकू, शिळं पाणी आहे का?

मे महिना. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हाडं खिळखिळी करून घेत सकाळी वाशीमला उतरले. घरी पोचले तर बाबा हातातला चहा विसरून फिशटँकसमोर उभे. ''बघ बरं, हे असं काय करताहेत?''

पाचही गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते. दुपारपर्यंत दोन आडवे झाले.

आता तुम्ही म्हणाल, मासेच ते! नवे आणा, विषय संपला. पण बॉस, इथे तसं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आई अचानक गेली. बाबा रिटायर्ड मास्तर, मी फ्रीलान्सर, म्हणजे सतत कुठल्या तरी डेडलाइनची गुलाम. घर इतकं गप्प झालं होतं की पुण्याला परत निघायच्या आदल्या दिवशी मी अकोल्याहून अडीच फुटी टँक आणि पाच मासे आणून ठेवले. माझ्या गिल्टवरचा इलाजच म्हणा ना! बाबा आधी जाम वैतागले. महिन्याभरात मात्र फोनवर 'मोठ्यानं आज खाल्लं नाही' असे रिपोर्ट यायला लागले.

म्हणून त्या दिवशी टेन्शन आलं. बाबा दुकानातून निळ्या औषधाची बाटली घेऊन आले. झाकण उघडलं आणि मला पुण्यातला एक मित्र आठवला. आयटीवाला, पण घरात चार टँक. फोन लावला.

''औषध घालू नकोस!'' तो ओरडलाच. ''आधी तीन प्रश्न. सगळे एकदम आजारी पडले की एकेक करून? पाणी कधी बदललं आणि किती? फिल्टर कशानं धुतला?''

प्रश्न मी जसेच्या तसे बाबांना विचारले. त्यांचा चेहरा खुलला. ''अगं, तू येणार म्हणून काल टँक लख्ख केला! सगळं पाणी फेकलं. खडे, स्पंज, सगळं नळाखाली खसाखसा घासलं. नळ आला होता ना काल.''

फोनवर पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, ''सापडलं.''

त्याचा फंडा सिंपल होता. एखादाच मासा सुस्त असेल, अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके असतील, पर कुरतडल्यासारखे दिसत असतील, तर तो रोग. त्याचं औषध वेगळं. पण सगळेच मासे एकाच दिवशी वर येऊन धापा टाकायला लागले, तर आधी संशय पाण्यावर घ्यायचा.

आमच्या पाण्यात तर एकावर एक गुन्हे घडले होते. वाशीम ही वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म वगैरे ठीक आहे, पण उन्हाळ्यात इथला खरा राजा नळ! एकबुर्जी धरणाचं पाणी येणार तेव्हा येणार, आणि आलं की घरातली सगळी कामं त्याच दिवशी. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरिन असतं. आपल्यासाठी ते हवंच, पण माशांचे कल्ले त्यानं भाजून निघतात. दुसरं म्हणजे स्पंज. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून मासे जगतात. बाबांनी ती अख्खी वसाहतच घासून टाकली होती. ती पुन्हा वसायला चार-सहा आठवडे लागतात. तिसरा गुन्हेगार उकाडा. २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशाला जेमतेम ७. बाहेर पारा ४२ वर आणि गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा जीव! त्यात एवढ्याशा टँकमध्ये पाच म्हणजे गर्दीच. ती चूक माझी.

इलाज काय? क्लोरिन उडून गेलेलं, दोन-चार दिवस साठवलेलं पाणी. आमच्याकडचं सगळं शिळं पाणी कालच फेकलेलं. धावत शेजारी गेले.

''काकू, शिळं पाणी आहे का?''

''शियं पाणी? ते कायले पायजे वं पोरी?''

कारण ऐकून काकू पोट धरून हसल्या आणि मग स्वतःच कळशी भरून घेऊन आल्या. निम्मं पाणी हळूहळू बदललं. हवेचा पंप फुल्ल. खाणं दोन दिवस बंद. माशांना उपास सहज झेपतो. कूलर टँककडे वळवला. दुकानातून क्लोरिन मारायचे थेंब आणले. पुढचे काही दिवस रोज पाव पाणी बदलायचं होतं. निळी बाटली मात्र तशीच ठेवली, कारण उरलेसुरले चांगले जिवाणूही त्या औषधानं मरू शकतात.

तिसरा मासा रात्री गेला. दोघं तळाशी टेकून होते, पण निदान धापा थांबल्या होत्या.

''म्हणजे मीच मारले?'' बाबांनी विचारलं.

उन्हामुळे झालं, असं सांगता आलं असतं. अर्धं खरंच होतं ते. पण आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाला अर्धं उत्तर कसं द्यायचं? ''हो बाबा, पाण्यामुळे गेले. तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.''

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टँककडे बघतच म्हणाले, ''तुझ्या आईलाही मी आधी ॲसिडिटीची गोळीच दिली होती. नेमकं कुठं दुखतंय, कधीपासून, हे विचारलंच नाही.''

तीन वर्षांत पहिल्यांदा ते हे बोलले होते. मला काहीच सुचलं नाही. आम्ही दोघं कूलरच्या आवाजात टँकसमोर बसून राहिलो. मग मी त्या रात्रीबद्दल विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पहाटे कधी तरी झोपलो.

सकाळी बघते तर बाबांनी जुनी वही काढून रकाने आखलेले. तारीख, नळ कधी आला, बादल्या कधी भरल्या, पाणी किती बदललं, शेरा. पहिल्या दिवसाचा शेरा होता, 'दोघे पोहत आहेत.'

ते दोघं अजून आहेत. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश तर १९९९ मध्ये गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता! हे बाबांना सांगितल्यापासून ते मनावर घेऊन बसलेत.

हल्ली त्यांचा फोन असा सुरू होतो, ''नळ आला होता. बादल्या भरल्यात. परवा पाव पाणी बदलतो.''

आणि मी जेवले का, हे त्यानंतर!