गुंजवणीच्या खोऱ्यात नवे खोगीर

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे हे दोन तालुके, ज्यांपैकी वेल्ह्याला आता राजगड असे नाव देण्यात आले आहे, इतिहासात घोडदळापेक्षा पायदळाचा मुलूख म्हणून ओळखले जातात. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे अशा नावांनी विभागलेल्या या प्रदेशात सपाटी थोडी आणि चढउतार फार असल्यामुळे येथील माणूस हशम म्हणून, म्हणजे पायदळाचा शिपाई म्हणून, नावारूपाला आला. स्वराज्याचा विस्तार देशावर झाला तसतसे घोडदळ वाढत गेले आणि त्यात स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा शिलेदार व सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर असे दोन वर्ग स्थिर झाले. तरीही मावळ आणि घोडा यांचा संबंध तुटक मानता येत नाही, कारण भोर तालुक्यात उगम पावणारी नीरा पुढे ज्या भीमेला मिळते, तिच्याच काठच्या कुरणांत भीमथडी तट्टांची पैदास झाली, आणि काटक, कमी खाणारे, लांब मजल मारणारे हे जनावर मराठी फौजांच्या वेगाचे एक मोठे कारण ठरले.

या भूमीत नव्या खोगिराची परीक्षा घेणे म्हणूनच विशेष अर्थपूर्ण ठरते. खोगीर म्हणजे केवळ बसण्याची गादी नव्हे; स्वाराचे ओझे घोड्याच्या कण्यावर पडू न देता कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरवणारी ती एक रचना आहे. जुन्या साध्या खोगिरात हे काम जाड भरणीवर सोपवलेले असे, तर सध्याच्या कातडी खोगिराच्या पोटात लाकडाचा किंवा कृत्रिम द्रव्याचा सांगाडा असतो आणि खालच्या दोन गाद्यांमध्ये कण्यासाठी मोकळी पन्हळ सोडलेली असते. कानपूरच्या कारागिरांनी घडवलेली अशी खोगिरे आज परदेशांतही जातात. परंतु सांगाड्याची रुंदी ठरलेली असल्यामुळे एका घोड्याला चपखल बसणारे खोगीर दुसऱ्याला टोचते, आणि स्वार खरेदीच्या वेळी स्वतःची बैठक पाहतो, घोड्याची पाठ मात्र पाहत नाही, ही चूक फार सार्वत्रिक आहे.

पावसाळा सरून भातकापणी सुरू झाल्यावर, वाटा वाळलेल्या असताना, मार्गासनीहून साखरमार्गे राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या गुंजवणे गावाकडे जाण्यापूर्वी नवे खोगीर प्रथम खाली नमदा न घालता, घोड्याच्या उघड्या पाठीवर ठेवून पाहिले गेले. घोड्याची मान जेथे पाठीला मिळते त्या उंचवट्यावर खोगिराचा पुढचा कमानदार भाग येतो, आणि त्या दोहोंमध्ये दोन-तीन बोटे आडवी मावली पाहिजेत. येथे ती मावली. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात आणि शेवटच्या बरगडीच्या मागे भार जाता कामा नये, म्हणून बरगड्या हाताने चाचपत मागची कड तपासली गेली. त्यानंतर खरारा करून, केसांत अडकलेले कुसळ काढून, नमदा पसरला आणि पोटाखालून तंग आवळला. तंग आवळताना पुष्कळ घोडे श्वास रोखून पोट फुगवतात, त्यामुळे पाच-दहा पावले चालवून तो पुन्हा एक-दोन भोके वर घ्यावा लागतो. हा घोडाही त्याला अपवाद नव्हता. रिकिबींची, म्हणजे पाय ठेवण्याच्या कड्यांची, उंची हाताच्या मापाने ठरवली गेली: बोटांची टोके वादीच्या वरच्या टोकाला टेकवली की रिकीब काखेपर्यंत पोहोचावी.

परंतु या खोऱ्यात खरा कस लागतो तो पेशबंद आणि दुमची यांचा. पेशबंद म्हणजे घोड्याच्या छातीवरून येऊन खोगिराला जोडलेला पट्टा, जो चढावर खोगीर मागे सरकू देत नाही. दुमची म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, जो उतारावर ते मानेकडे घसरू देत नाही. मैदानात गोल फेऱ्या मारणाऱ्या स्वारांना हे दोन्ही पट्टे पुष्कळदा अनावश्यक वाटतात, आणि नव्या खोगिराबरोबर ते बहुधा मिळतही नाहीत; ते वेगळे मागून घ्यावे लागतात. साखरच्या पुढे डांबरी सडक सोडून ओढ्याच्या कडेने वर चढणाऱ्या वाटेवर त्यांची किंमत लगेच कळली. घोड्याने मान खाली घालून मागच्या पायांवर जोर दिला, पेशबंद ताणला गेला, खोगीर बोटभरही हलले नाही आणि स्वाराला आयाळ धरून फक्त पुढे झुकायचे उरले. उतारावर दुमचीने तेच काम केले, त्यामुळे घोडा न बिचकता, एकेक टाप तोलून ठेवत खाली आला.

उपकरण शरीराला विसरायला लावते तेव्हाच स्वारीचा आनंद सुरू होतो, असे त्या सकाळच्या अनुभवावरून निःशंकपणे म्हणता येते. वाट सपाट झाल्यावर घोड्याने आपणहून दुडकी, म्हणजे दोन-दोन टापांच्या तालाची मध्यम चाल, धरली. मांड पक्की बसली, गुडघ्यांचा ताण गेला, टाचा खाली उतरल्या आणि लगाम नुसता बोटांत राहिला. दोन्ही बाजूंना कापून आडव्या टाकलेल्या आंबेमोहराचा वास होता, समोर राजगडाची सुवेळा माची आणि तिच्या धारेत आरपार पडलेले भोक, ज्याला नेढे म्हणतात, उन्हात स्पष्ट दिसत होते. पायी येणाऱ्याचे लक्ष या वाटेवर पायाखालच्या दगडांत गुंतते आणि वाहनातून येणाऱ्याला डोंगर काचेतून दिसतो. स्वाराला मात्र पाहण्याचे स्वातंत्र्य आणि वाटेचा स्पर्श दोन्ही मिळतात, कारण दगडांची काळजी घोडा घेतो. ती त्याला घेता यावी म्हणून नालबंदी ताजी असावी लागते, कारण सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट खुराला लवकर झिजवतो.

खोगिराबद्दलचा निकाल मात्र स्वाराने नव्हे, घोड्याच्या पाठीने द्यायचा असतो. गुंजवण्यात सावलीला तंग सैल करून, थोड्या वेळाने खोगीर उतरवल्यावर नमद्याखाली कण्याच्या दोन्ही बाजूंना सारखा ओलावा होता आणि मधली पट्टी कोरडी होती. घामाने भिजलेल्या भागात एखादा कोरडा, दाबलेला डाग दिसला असता तर तेथे भार एकवटून रक्तप्रवाह व घर्मग्रंथी दबल्याचे ते लक्षण ठरले असते. तसा डाग नव्हता, आणि पाठीवरून तळहात दाबून फिरवला तरी घोडा अंग चोरत नव्हता.

तोंडातल्या लगामाबाबत कायदाही स्पष्ट आहे: ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगाम वापरण्यास मनाई केली आहे. तरीही असे लगाम विकले आणि वापरले जातात, ही गोष्ट घोड्यावर प्रेम असल्याचे सांगणाऱ्या प्रत्येकाने मनाला लावून घ्यावी. राजगड-तोरण्याच्या परिसरात घोड्यावरून फिरण्याची इच्छा असणाऱ्यांनी, घोडा स्वतःचा असो वा भाड्याचा, चढण्यापूर्वी त्याच्या जबड्याचे कोपरे पाहावेत, खोगीर उचलून पाठ पाहावी, पेशबंद व दुमची आहे की नाही हे विचारावे, आणि पाठीवर जखम दिसल्यास भाडे दिलेले असले तरी पायी चालावे.