अंगात मुरणारी विद्या

ह्वांग हो नदी ओलांडून उत्तरेला गेलं, की हेनान प्रांतातला वेन परगणा लागतो. जमीन सपाट, माती पिवळी आणि इतकी भुसभुशीत, की ढेकूळ मुठीत धरलं तर भुगा होऊन बोटांमधून गळून जातं. पावसाच्या पाण्याने या मातीत खोल घळी पडतात. अशाच घळींच्या काठी चेनजियागौ हे गाव आहे. मिंग राजवटीच्या सुरुवातीला, चौदाव्या शतकात, चेन बू नावाचा माणूस शेजारच्या शान्शी प्रांतातून इथे येऊन राहिला. त्याच्या वंशात नवव्या पिढीला, सतराव्या शतकात, चेन वांगतिंग हा लढवय्या झाला. त्याने घरातल्या मुलांना जी विद्या शिकवली, तिच्यातून ताई ची आली असं चेन घराणं मानतं. उगमाबद्दल अभ्यासकांमध्ये वाद आहेत. पण या गावात ती बापाकडून मुलाकडे आणि चुलत्याकडून पुतण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, याबद्दल वाद नाही.

मी इथल्या एका निवासी शाळेत राहून शिकले. गावात आणि आसपास अशा शाळा बऱ्याच आहेत. सहा-सात वर्षांची पोरं तिथे ट्रंक घेऊन राहायला येतात, आणि त्यांच्याच रांगेत पन्नाशी ओलांडलेली माणसंही उभी असतात. उजाडायच्या आत शिट्टी होते. अंगणात धावणं, मग अंग मोकळं करणं, मग न्याहारी: वाफेवर शिजवलेले गव्हाचे पांढरे गोळे, परतलेला कोबी आणि राळ्याची पेज. राळं आमच्याकडे आजीच्या पिढीनंतर ताटातून गेलं होतं. ते मला हेनानमध्ये रोज सकाळी वाडग्यात भेटलं. सकाळी सराव, दुपारी सराव, रात्री जेवणानंतर पुन्हा सराव. मधल्या वेळात कपडे धुवायचे, अंगण झाडायचं, झोप काढायची. थोड्याच दिवसांत वार कुठला, हे विचारावंसं वाटेनासं झालं.

शिकवण्याची सुरुवात उभं राहण्यापासून होते. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर गोल धरलेले, नजर सरळ. एवढंच, आणि तसंच राहायचं. याला ते जान-ज्वांग म्हणतात, म्हणजे रोवलेल्या खांबासारखं उभं राहणं. पहिली दोन-तीन मिनिटं सोपी जातात. मग खांदे हळूच वर चढू लागतात, मांड्या थरथरायला लागतात, कोपरावरून घामाचा थेंब खाली पडतो आणि त्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. अशा वेळी लाओशी रांगेतून फिरत येत. शिक्षकांना तिथे सगळे याच नावाने हाक मारतात. ते बोलत फार थोडं. माझ्या कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, दोन बोटं टेकवून त्यांनी अगदी हलका दाब दिला. पाठीचा बाक सरळ झाला आणि वरचा सगळा भार एकदम मांड्यांमध्ये उतरला. पाय पेटले. पण त्याच क्षणी मान आणि खांदे सुटले, श्वास पोटापर्यंत गेला. ही जागा कुठे असते, हे कुठल्या पुस्तकातून मला कळलं नसतं. ती त्या दोन बोटांनी दाखवली.

लाओशी पुढे निघून गेले, की थोड्या वेळाने शरीर जुन्या सवयीकडे परत सरकायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच दोन बोटं, तीच जागा, तोच दाब. त्यांच्या चेहऱ्यावर कधी कंटाळा दिसला नाही. त्यांच्या काकांनी त्यांच्या पाठीवर असंच बोट ठेवलं होतं, असं त्यांनी एकदा सांगितलं. काकांच्या पाठीवर कोणी ठेवलं असेल, हे मला विचारायची गरज वाटली नाही. त्या शाळेत मी जे काही शिकले, ते असं हातांनी पोचवलेलं होतं.

उभं राहणं थोडं जमलं, की रेशीम उलगडण्याचा सराव येतो. कोशातून रेशमाचा धागा ओढायचा तर हात एकाच गतीने चालावा लागतो. झटका दिला तर तो तुटतो, हात थांबला तर गुंततो. चेन घराण्याच्या प्रत्येक हालचालीत ही ओढ असते. एक हात बाहेरच्या बाजूने वर जातो, तळवा वळतो, आतल्या बाजूने खाली येतो, आणि पुन्हा वर. बघणाऱ्याला हातच फिरताना दिसतो. पण माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा हात खुंट्याबरोबर फिरायचा, आणि दळण निघायचं ते तिच्या कंबरेच्या झोकातून. इथेही तसंच आहे. जोर तळपायातून उठतो, खुब्यातून वळतो, कंबर त्याला दिशा देते, आणि बोटांपर्यंत तो पोचतो तेव्हा बोटांना वेगळं काही करायचं उरत नाही. लाओशी एका हाताने माझा खुबा धरत, दुसऱ्या हाताने मनगट, आणि सगळं शरीर एकदम वळवून दाखवत. त्यांचे हात बाजूला झाले तरी ते वळण काही क्षण अंगात राहायचं. पुढचा अख्खा दिवस मी ते वळण पुन्हा सापडेल का, हे शोधत असायची.

मग मुख्य चाल, लाओजिया यीलू. सुमारे पाऊणशे पवित्र्यांची ही लांबलचक माळ सुरुवात ते शेवट न थांबता करायची. सुरुवातीलाच वज्रधारी रक्षक उखळात कांडतो: उजवी मूठ वर जाते, उजवा गुडघा उचलला जातो, मग मूठ डाव्या तळव्यात आणि पाय जमिनीवर एकाच वेळी पडतात. सभागृहात सगळ्यांचे पाय एकदम पडले की खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्यानंतर पुन्हा संथ प्रवाह. पांढरा करकोचा पंख पसरतो, हात ढगांसारखे आडवे सरकतात, आणि मध्येच एखादी मूठ विजेसारखी सुटते. या विद्येच्या मुळाशी लढाई आहे. सोळाव्या शतकात चि जिग्वांग या सेनापतीने सैनिकांसाठी लिहिलेल्या ग्रंथातले कितीतरी डाव चेन घराण्याच्या चालीत त्याच नावांनी सापडतात.

मग ती एवढी सावकाश का करायची? मला उमगलेलं कारण असं, की वेगात शरीराला लपायला जागा मिळते. पाय झटकन टाकला तर तोल गेलेला कळत नाही. पुढची हालचाल त्याला झाकून टाकते. तेच पाऊल सावकाश टाकलं, तर भार या पायातून त्या पायात नेमका कुठे अडकतो, कुठला स्नायू विनाकारण आवळला गेला, श्वास कुठे रोखला गेला, हे सगळं उघडं पडतं. आणि उघडं पडलं तरच कोणीतरी त्यावर हात ठेवून ते सुधारू शकतं. एका संध्याकाळी लाओशींनी माझा कापडी जोडा उचलला आणि उलटा करून दिव्याखाली धरला. तळ बाहेरच्या कडेला झिजला होता, आतली कड जवळपास नवी होती. त्यांनी त्या झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्या डाव्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. गुडघा कधीपासून बाहेर ढळत होता, ते त्या जोड्याने नोंदवून ठेवलं होतं.

रात्रीच्या सरावानंतर गावातून फिरताना इथला इतिहास पावलापावलावर भेटतो. चेन घराण्याचं पूर्वजांचं देऊळ आहे. पलीकडे एक जुना वाडा आहे, जिथे एकोणिसाव्या शतकात चेन चांगशिंग शिकवत असत. हेबेई प्रांतातून आलेला यांग लूचान हा परका तरुण त्यांच्याकडे शिकला, पुढे बीजिंगला जाऊन तिथल्या सरदारांच्या वाड्यांत शिकवू लागला, आणि चेन घराण्याबाहेर ही विद्या पसरली. आज जगभर जी ताई ची दिसते, तिचा मोठा भाग यांगच्या परंपरेतून आलेला आहे. 1956 साली चीनच्या क्रीडा खात्याने सर्वांना शिकता यावी म्हणून जी 24 पवित्र्यांची सोपी चाल बसवली, तीही यांग शैलीवरच बेतलेली आहे.

मला मात्र पुन्हापुन्हा आठवतात ते चेन जाओपी. 1928 पासून त्यांनी बीजिंगमध्ये आणि पुढे नानजिंगमध्ये शिकवलं, नाव कमावलं. 1958 साली, पासष्टीच्या घरात, ते गावी परतले. युद्ध, पूर आणि दुष्काळ यांनी गाव पिळून काढलं होतं. चालीचा मान राखणारे होते, पण ती पुढे नेणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी गावातल्या पोरांना गोळा केलं आणि शिकवायला सुरुवात केली. पुढे सांस्कृतिक क्रांतीचा काळ आला. जुनं ते सगळं गुन्हा ठरलं, त्यांचा छळ झाला, तरी शिकवणं थांबलं नाही. 1972 च्या अखेरीस ते गेले. त्यानंतर याच घराण्यातले चेन जाओकुई बीजिंगहून गावी येऊन शिकवत राहिले. त्या पोरांपैकी चेन शियाओवांग, चेन जंगलेई, वांग शीआन आणि जू त्यानत्साय पुढे जगभर गेले. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने ताई चीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या मोठ्या यादीमागे एका म्हाताऱ्या माणसाचे हात आहेत, हे चेनजियागौमध्ये राहिल्याशिवाय मला कळलं नसतं. चेन जाओपी गावी परतले नसते, तर पवित्र्यांची नावं राहिली असती, चित्रं राहिली असती, पण मांडीत भार कसा उतरतो ते दाखवणारं बोट राहिलं नसतं.

शेवटच्या टप्प्यावर जोडीने हात टेकवून करायचा सराव येतो. त्याला थुई-शौ म्हणतात. दोघं समोरासमोर उभे राहतात, मनगटाला मनगट लावतात आणि गोलाकार फिरत एकमेकांचा तोल शोधतात. माझी जोडीदार गावातलीच एक सोळा वर्षांची मुलगी होती. तिच्या हातात मला जोर जाणवायचाच नाही. मी ढकललं की तिथे काहीच नसायचं, आणि मी मागे हटले की ती माझ्या आधी तिथे पोचलेली असायची. माझं पुढचं पाऊल तिला माझ्या त्वचेवरून कळत होतं. हे ऐकणं आहे, फक्त ते हाताने होतं. तिला ते तिच्या आजोबांच्या मनगटाने शिकवलं होतं.

हिवाळा लागला की वेन परगण्यात कंद काढणी सुरू होते. इथला शानयाओ हा कंद औषधी म्हणून चीनभर नावाजलेला आहे. आपल्या कोकणातल्या कोनफळाच्याच कुळातला. तो बारीक, लांब आणि सरळ खाली वाढतो, आणि जरा धक्का लागला तरी मोडतो. म्हणून शेतकरी त्याच्या शेजारी अरुंद, खोल चर खणतात, त्यात उतरतात, आणि कंदाच्या अंगाला चिकटलेली माती हाताने सोडवत त्याला अखंड बाहेर काढतात. एकदा कंद घेतलेल्या जमिनीत पुढची काही वर्षं तो पुन्हा लावत नाहीत. आम्ही सरावानंतर त्या चरांच्या कडेने चालत जायचो. थंडीत हात काळेनिळे झालेल्या त्या माणसांना घाई करताना मी पाहिलं नाही.

परत आल्यावर मी कोल्हापूरच्या एका तालमीत गेले. तांबड्या मातीत एक वयस्क वस्ताद एका पोराच्या मानेवर हात ठेवून त्याचा पवित्रा दुरुस्त करत होते. पोरगं तालमीतच राहत होतं, मातीतच वाढत होतं. त्यांच्या हातात मला ओळखीचं काहीतरी दिसलं. आपल्याकडे कुस्ती आहे, मल्लखांब आहे, मर्दानी खेळ आहे. या प्रत्येक विद्येचे जाणते अजून आपल्यात आहेत, आणि त्यातले बरेच जण सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांची चित्रफीत काढून ठेवणं चांगलंच आहे. पण चित्रफितीला हात नसतात. तुमच्या गावात असे कोणी वस्ताद असतील, तर आपल्या मुलामुलींना त्यांच्याकडे पाठवा, जमलं तर स्वतःही जा, आणि आठवडाभरासाठी जाऊ नका. वर्ष, दोन वर्षं, मिळेल तेवढा काळ त्यांच्याजवळ राहा. ती विद्या अंगात मुरायला तेवढा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे अजून आहे.